फॅमिली डॉक्टर आणि सीएमई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः महाराष्ट्रात स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या एमबीबीएस डॉक्टरांसाठी आहे. सीएमई म्हणजे निरंतर वैद्यकीय शिक्षण, आणि डॉक्टरकीची नोंदणी टिकवायला त्याचे पॉइंट जमवावे लागतात. अर्धे प्रश्न पॉइंट्सचे आहेत, कारण फोनवर पहिला प्रश्न तोच असतो. उरलेले अर्धे, त्या पॉइंट्सबरोबर काहीतरी डोक्यातही कसं शिरेल याचे.

नूतनीकरणासाठी नेमके किती पॉइंट लागतात?

पाच वर्षांत ३०. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी होतं आणि त्या मुदतीत ३० क्रेडिट पॉइंट जमलेले असावे लागतात. याचं मूळ भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत आहे. डॉक्टरने दर पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर वैद्यकीय शिक्षण घ्यावं, असं तिच्यात म्हटलं आहे. वर्षाला हिशेब सहाचा पडतो. आकडा मुळीच मोठा नाही. अडतं ते साडेचार वर्षं कोणी बघत नाही म्हणून.

२०२३ मध्ये नवे नियम आले होते. ते लागू आहेत का?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवी आचारसंहिता अधिसूचित केली आणि त्याच महिन्यात ती स्थगितही केली. त्यामुळे २००२ ची संहिताच पुन्हा चालू झाली. स्थगित नियमांतही पाच वर्षांत ३० हाच आकडा होता. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी ‘नवीन नियम’ची पीडीएफ बऱ्याचदा हीच असते, तेव्हा आधी तिच्यावरची तारीख बघा.

जाहिरातीत ‘सीएमई’ लिहिलंय म्हणजे पॉइंट मिळणारच ना?

नाही. कोणत्याही व्याख्यानाला सीएमई म्हणता येतं. पॉइंट मात्र आयोजकांनी आधी कौन्सिलकडे अर्ज करून मान्यता घेतली असेल तरच मिळतात. पत्रिकेवर तीन गोष्टी शोधा : मान्यतेचा क्रमांक, मंजूर पॉइंट किती, आणि एमएमसी ऑब्झर्व्हर (कौन्सिलचा निरीक्षक) येणार असल्याचा उल्लेख. ‘अप्लाइड फॉर’ असं लिहिलं असेल तर अर्ज गेलाय, मंजुरी आलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी आदल्या दिवशी आयोजकांना फोन करा आणि मंजुरीचा क्रमांक मागा. मंजुरी आली असेल तर तो लगेच सांगतात.

दुसरी गल्लत तासांची होते. सकाळी नऊपासून दुपारच्या जेवणापर्यंत बसलात म्हणून जितके तास तितके पॉइंट असं धरून चालू नका. उद्घाटन, सत्कार, दीपप्रज्वलन आणि चहा हा काही अभ्यास नव्हे. कार्यक्रमाला किती पॉइंट द्यायचे ते कौन्सिल ठरवतं आणि मंजुरीत येईल तोच आकडा खरा.

हजर होतो, सहीही केली. तरी पॉइंट दिसत नाहीत. काय चुकलं असेल?

बहुतेकदा चूक नोंदणी क्रमांकात असते. अलीकडच्या क्रमांकांत आधी वर्ष, मग महिना, मग अनुक्रमांक असे भाग असतात. त्यातला एखादा भाग गळला किंवा तिरकी रेघ चुकीच्या जागी पडली की पॉइंट तुमच्या नावावर येत नाहीत. जुन्या डॉक्टरांचे क्रमांक साधे असतात आणि घाईत त्यांतला एखादा आकडा इकडचा तिकडे होतो. डेलिगेट फॉर्म मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हला किंवा कंपाउंडरला भरायला सांगितला की हे हमखास घडतं.

मग नाव. लग्नानंतर बदललेलं आडनाव दवाखान्याच्या पाटीवर असतं, पण कौन्सिलच्या नोंदवहीत माहेरचंच असतं. फॉर्मवर नोंदवहीतलंच नाव लिहायचं.

तिसरं कारण कोणी कबूल करत नाही : येताना सही, जाताना नाही. संध्याकाळच्या ओपीडीसाठी लवकर निघालेल्या डॉक्टरची हजेरी अर्धीच राहते.

दुरुस्तीसाठी आधी आयोजकांकडेच जा, कारण यादी त्यांनी पाठवलेली असते. कार्यक्रमाचं नाव, तारीख, मान्यता क्रमांक, तुमचा अचूक नोंदणी क्रमांक आणि प्रमाणपत्राची प्रत, एवढं एकाच मेलमध्ये पाठवा. महिन्याभरात करा. वर्षभराने त्या शाखेचे सचिव बदललेले असतात आणि हजेरीचे कागद कुठल्या कपाटात आहेत हे नव्यांना माहीत नसतं.

नूतनीकरण तीन महिन्यांवर आलंय आणि बारा पॉइंट कमी आहेत. आता?

दोन-तीन दिवसांची राज्यस्तरीय किंवा विभागीय परिषद गाठा. एका परिषदेत जेवढे पॉइंट मिळतात तेवढे संध्याकाळच्या सुट्या व्याख्यानांतून जमवायला कित्येक फेऱ्या लागतात. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या (आयएमए) स्थानिक शाखेच्या सचिवांना पुढच्या दोन महिन्यांचं वेळापत्रक विचारा आणि शेजारच्या जिल्ह्यांच्या शाखांकडेही चौकशी करा.

न जाता प्रमाणपत्र ‘मॅनेज’ करून देणारे भेटतात. ते घेणं हा गैरव्यवहार आहे आणि त्यावर नाव तुमचं असतं, देणाऱ्याचं नाही.

मी बीएएमएस किंवा बीएचएमएस आहे. हे नियम मला लागू होतात का?

होत नाहीत. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदवही आधुनिक वैद्यकाची आहे. आयुर्वेद पदवीधरांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते आणि होमिओपॅथी पदवीधरांची महाराष्ट्र होमिओपॅथी परिषदेकडे. नूतनीकरणाबद्दल त्यांनाच विचारा. शिकण्याच्या दृष्टीने मात्र खालचं सगळं तुमच्याही उपयोगाचं आहे. राज्यातल्या गावोगावच्या पहिल्या तपासणीचा मोठा भार तुम्हीच उचलता.

दवाखाना बंद न ठेवता सीएमई कुठे मिळेल?

दुपारी. दीड ते चार ही फॅमिली डॉक्टरची हक्काची रिकामी वेळ, आणि जनरल प्रॅक्टिशनर्सच्या संघटना पुष्कळदा तीच पकडतात. मुंबई-पुण्यात जनरल प्रॅक्टिशनर्स असोसिएशन आहेत, आयएमएच्या शाखा तालुक्यापर्यंत आहेत. फिजिशियन, बालरोग आणि स्त्रीरोग तज्ज्ञांच्या स्थानिक संघटना फॅमिली डॉक्टरांना आपल्या कार्यक्रमांत घेतात, पण बोलावणं येईलच असं नाही. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप यादीत नाव घालून घ्यावं लागतं. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या मेडिसिन विभागाचे कार्यक्रम गर्दी नसल्याने जास्त पदरात पडतात. तिथे प्रश्न विचारता येतात.

देशपातळीवर फॅमिली डॉक्टरांसाठी म्हणून काम करणाऱ्या दोन संस्था ठाऊक असाव्यात : चेन्नईत मुख्यालय असलेलं आयएमए कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्स आणि अ‍ॅकॅडमी ऑफ फॅमिली फिजिशियन्स ऑफ इंडिया. दुसरीचं ‘जर्नल ऑफ फॅमिली मेडिसिन अँड प्रायमरी केअर’ इंटरनेटवर मोफत वाचता येतं आणि त्यातले लेख आपल्याच ओपीडीतल्या रुग्णांबद्दल असतात.

विषय कसा निवडावा?

पत्रिका बघून नव्हे, आपली वही बघून. एक सोपा उपाय : सोमवारी सकाळपासून ओळीने शंभर रुग्ण घ्या. प्रत्येकापुढे तीन रकाने करा : निदान, पुढे पाठवलं का, आणि ‘खात्री नव्हती’ अशी एक खूण. ही खूण कोणाला दाखवायची नाही, म्हणून प्रामाणिकपणे करा. शंभर झाल्यावर खुणा कुठे गोळा झाल्यात ते बघा. पुरळ, चक्कर, खांदेदुखी, लहान मुलाचा पोट फुगलेला जुलाब, वृद्धांची झोप अशाच ठिकाणी बहुतेकांच्या खुणा जमतात. सीएमईच्या पत्रिका मात्र मधुमेह आणि रक्तदाबाने भरलेल्या असतात. या विसंगतीचं कारण उघड आहे : चक्कर येणाऱ्या रुग्णाला डिक्स-हॉलपाइक चाचणी आणि एपली मनुव्हर लागतं, म्हणजे डोकं ठरावीक दिशांना वळवून निदान आणि उपचार, आणि त्याची गोळी कोणी विकत नाही. ज्याच्या मागे औषध नाही त्या विषयाचं व्याख्यान दिसलं तर दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवून जा.

दुसरी कसोटी भूगोलाची. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याआधी लेप्टोस्पायरोसिस, विदर्भात पावसाळ्याअखेर स्क्रब टायफस, सिंधुदुर्गात दोडामार्ग परिसरात आणि सीमेपलीकडे गोव्यात सत्तरीकडे माकडताप. पुण्यात २०२४ च्या पावसाळ्यात झिकाचे रुग्ण सापडले आणि जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात गियां-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचा उद्रेक झाला. पायातली ताकद गेली म्हणून येणारा रुग्ण प्रथम फॅमिली डॉक्टरकडेच येतो आणि त्या वेळी गुडघ्याचं रिफ्लेक्स तपासलं की नाही यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. असा उद्रेक झाला की त्याच महिन्यातलं स्थानिक व्याख्यान चुकवू नका. पुढच्या वर्षीच्या परिषदेत तो विषय स्लाइडपुरता उरतो.

ऐकण्यापेक्षा हाताने शिकण्याचे कार्यक्रम घ्यावेत का?

दोन पर्याय असतील तर नेहमी हातानेच. निदान खालच्या बाबतीत तरी भाषण पुरत नाही.

बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट, हृदय थांबलेल्याला छाती दाबून जगवणं) : अमेरिकन हार्ट असोसिएशनचं प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. पुतळ्यावर मिनिटाला १०० ते १२० दाब आणि मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोली जमते का, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. बहुतेकांचा वेग जास्त आणि खोली कमी पडते. दोन दाबांच्या मध्ये छाती पूर्ण वर येऊ न देणं ही तर सगळ्यांचीच चूक. दवाखान्यातल्या मदतनीसालाही घेऊन जा. एकट्याने तीन मिनिटांत दम लागतो.

अ‍ॅनाफिलॅक्सिस : इंजेक्शनच्या तीव्र अ‍ॅलर्जीने रुग्ण कोसळला की आपला हात सवयीने एव्हिल आणि डेक्सा या अ‍ॅलर्जीच्या आणि स्टेरॉइडच्या इंजेक्शनांकडे जातो. आधी हवं ते अ‍ॅड्रिनॅलिन. मोठ्या माणसाला एकास हजार द्रावणाचं अर्धा मिली, मांडीच्या मधल्या बाहेरच्या भागात, स्नायूत. मुलांना किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मोठ्यांच्या डोसपेक्षा जास्त नाही. फरक पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा. रुग्णाला आडवं ठेवून पाय वर करा, उठवून बसवू नका. याची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी दवाखान्यातच करा : अ‍ॅम्प्यूल कुठे आहे, मुदत संपलीय का, एक मिलीची सिरिंज शेजारी आहे का. किती सेकंदांत डोस भरला जातो ते घड्याळ लावून मोजा.

सर्पदंश : नाग, मण्यार, घोणस, फुरसे ओळखण्याचे रंगीत फोटो बघून फारसं काही हाती लागत नाही. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी करून बघा. कोरडी, नवी काचेची नळी, दोन मिली शिरेतलं रक्त, वीस मिनिटं अजिबात न हलवता, मग एकदाच तिरकी. प्लास्टिकच्या नळीत किंवा साबणाने धुतलेल्या काचेत रक्त नीट गोठत नाही. मग विष नसतानाही विष आहे असं वाटतं आणि प्रतिविषाच्या कुप्या वाया जातात. विंचूदंशात प्राझोसिन या औषधाचा वापर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केला. तालुक्याच्या दवाखान्यातून जगाला शिकवता येतं याचा हा दाखला आहे आणि २०२२ च्या पद्मश्रीने त्याची नोंदही घेतली गेली.

इनहेलर : बिनऔषधाचं डमी यंत्र मागून घ्या आणि आधी स्वतः ओढून बघा. मीटर्ड डोस इनहेलरमध्ये श्वास पूर्ण सोडून, हळू आणि खोल ओढत दाबायचं आणि दहा सेकंद रोखायचं. पावडरच्या यंत्रात उलट, जोरात ओढायचं. हा फरक डॉक्टरला हाताने कळला नसेल तर रुग्णाला तोंडी सांगून कळणार नाही. ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून परत येणाऱ्या दम्याच्या रुग्णांत हे आधी तपासा.

औषध कंपनीने आयोजित केलेल्या सीएमईला जावं का?

जाऊ नये असं सरसकट म्हणत नाही, पण काय घ्यायचं आणि काय नाही ते स्पष्ट असू द्या. डिसेंबर २००९ मध्ये २००२ च्या संहितेत भर घालून कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास आणि पाहुणचार घेण्यावर डॉक्टरांना मनाई झाली. कंपन्यांच्या बाजूने मार्च २०२४ ची विपणन संहिता आहे. तिच्यानुसार परदेशात सीएमई भरवता येत नाही आणि वक्ते नसलेल्या डॉक्टरांचं तिकीट किंवा हॉटेल कंपनीला देता येत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा खैरातीचा खर्च करासाठी वजावट म्हणून नाकारला. १ जुलै २०२२ पासून वर्षाला २० हजारांहून जास्त लाभावर दहा टक्के करकपातही आली. तुमच्या पॅन क्रमांकावर तो लाभ दिसतो, हे कित्येकांना विवरणपत्र भरताना कळतं.

व्याख्यान ऐकताना पाच मिनिटांत पारखता येतं. स्लाइडवर औषधाचं नाव आहे की ब्रँडचं? तुलना कशाशी केली : आपण आज वापरतो त्या स्वस्त औषधाशी की नुसत्या प्लासिबोशी, म्हणजे बिनऔषधाच्या गोळीशी? ‘धोका पन्नास टक्क्यांनी कमी’ असं ऐकलं की विचारा, कशावरून कशावर? शंभरात दोघांऐवजी एकाला झटका आला तरी ते पन्नास टक्केच होतात. मग एक झटका टाळायला शंभर जणांना औषध द्यावं लागलं आणि नव्व्याण्णव जणांनी पैसे व दुष्परिणाम फुकट सोसले. हा प्रश्न सभेत मोठ्याने विचारला तर पुढच्या वेळी बोलावणं न येण्याची शक्यता आहे. ती किंमत परवडते.

जास्त मुदतीचे कोर्स कोणते करण्यासारखे आहेत?

तुमच्याकडे किती वेळ आहे यावर ते ठरतं.

महिन्याला एक रविवार देऊ शकत असाल तर मधुमेहाचा सीसीईबीडीएम. पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडिया आणि डॉ. मोहन्स डायबिटीस एज्युकेशन अ‍ॅकॅडमीने तो २०१० मध्ये सुरू केला. वर्षभर, बारा भागांत, शेवटी परीक्षा. त्याच मालिकेत रक्तदाब आणि थायरॉइडचेही कोर्स आहेत. केंद्रं बऱ्याच शहरांत असतात, गट छोटा असतो.

दोन वर्षं द्यायची तयारी असेल तर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा फॅमिली मेडिसिनमधला पदव्युत्तर डिप्लोमा. दवाखाना चालवत दूरशिक्षणाने आणि मधल्या संपर्कवर्गांतून तो करता येतो. ‘कमी पाठवा, जास्त सोडवा’ असा त्याचा रोख आहे. फॅमिली डॉक्टरच्या कामाचं याहून चांगलं वर्णन सापडणार नाही.

डीएनबी फॅमिली मेडिसिन ही पूर्ण पदव्युत्तर पात्रता आहे : नीट-पीजी ही प्रवेशपरीक्षा, मग तीन वर्षं रुग्णालयात निवासी. चालता दवाखाना असलेल्याला हे शक्य नाही. नुकत्याच एमबीबीएस झालेल्याने मात्र गांभीर्याने विचार करावा. मुंबई-पुण्यात सोसायटीतले लोक पुन्हा ‘आमचा फॅमिली डॉक्टर’ शोधू लागलेत.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे फेलोशिप आणि प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहेत. प्रवेशाआधी केंद्रावर शिकवणारं प्रत्यक्ष कोण आहे आणि रुग्ण तपासायला मिळतात का, एवढं तिथल्या जुन्या विद्यार्थ्याला विचारा.

असा कोर्स केल्यावर पाटीवर ‘मधुमेहतज्ज्ञ’ लिहिता येईल का?

नाही. संहितेनुसार त्या शाखेची खास पात्रता असल्याशिवाय स्वतःला तज्ज्ञ म्हणवता येत नाही. सहा महिन्यांच्या ऑनलाइन फेलोशिपवर लटकवलेली पाटी तक्रार आल्यावर सर्वांत आधी काढावी लागते.

ऑनलाइन आणि फुकट काय मिळतं?

पॉइंट्ससाठी ऑनलाइन कार्यक्रमालाही कौन्सिलची मान्यता लागते. नुसत्या ‘सर्टिफिकेट ऑफ पार्टिसिपेशन’वर पॉइंट मिळत नाहीत.

अभ्यासासाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लो पत्रकं उतरवून घ्या. एकेका आजाराला एकेक पान, कुठल्या पातळीवर काय करायचं आणि कधी पुढे पाठवायचं हे त्यात आहे. टेबलाच्या काचेखाली ठेवण्याजोगी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२२ चं अ‍ॅवेअर प्रतिजैविक पुस्तकही मोफत आहे. त्यात प्रतिजैविकांचे तीन गट केलेत : अ‍ॅक्सेस, वॉच, रिझर्व्ह, म्हणजे आधी वापरायची, जपून वापरायची आणि शेवटी राखून ठेवायची. अमोक्सिसिलिन पहिल्या गटात येतं. आपल्याकडे सर्दीतापाला सर्रास लिहिलं जाणारं अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम ही दोन्ही वॉच गटात आहेत. हे वाचून थोडं ओशाळायला होतं आणि तिथून सुरुवात चांगली होते.

पॉइंट नसलेला अभ्यासगट काढण्यात अर्थ आहे का?

आहे, आणि आमच्या मते खरं शिकणं इथेच होतं. सहा ते आठ डॉक्टर पुरेत. बारा झाले की चौघे गप्प बसतात. महिन्याला एक दुपार, दीड तास, वक्ता नाही, प्रायोजक नाही, चहा आळीपाळीने. प्रत्येकाने आपले मागचे वीस तापाचे केसपेपर आणायचे, नाव झाकून. मोजायचं एवढंच : किती जणांना प्रतिजैविक दिलं, त्यातली किती वॉच गटातली, आणि किती जणांच्या कागदावर ते का दिलं हे लिहिलंय. कोणाचे आकडे कोणाचे हे गटाबाहेर जाऊ द्यायचं नाही. एकदा गेलं की पुढच्या महिन्यात निवडक केसपेपर येतात आणि गट संपतो. तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं.

तज्ज्ञ बोलवायचाच तर भाषणाला नको. तुम्ही त्यांच्याकडे पाठवलेल्या पाच रुग्णांचं पुढे काय झालं ते सांगायला बोलवा. असं बोलावणं तज्ज्ञांना क्वचित येतं आणि ते आनंदाने येतात.

कोर्सची फी आयकरात खर्च म्हणून दाखवता येते का?

तुम्ही प्रत्यक्ष खर्च दाखवून हिशेब ठेवत असाल तर व्यवसायाच्या खर्चात ती धरता येते, पावती हवी. निम्मी मिळकत उत्पन्न धरण्याच्या अनुमानित पद्धतीत खर्च वेगळा दाखवता येत नाही. बाकी तुमच्या सीएला विचारा.

प्रमाणपत्रं कशी जपावीत?

तारीख आधी येईल अशा नावाने स्कॅन, मेलवर एक प्रत, आणि दर १ जानेवारीला कौन्सिलच्या पोर्टलवर आपली बेरीज तपासणं. मूळ कागद नूतनीकरण होऊन नवं प्रमाणपत्र हातात येईपर्यंत तरी टाकू नका. जुन्या थर्मल कागदावरच्या फीच्या पावत्या दोन वर्षांत कोऱ्या होतात, त्यांचे फोटो त्याच दिवशी काढा.